हृदय घडवणारे पेशींचे सिग्नल मार्ग

गर्भात हृदय तयार होताना पेशी एकमेकींना प्रोटीनच्या रूपात निरोप पाठवतात, शेजारच्या पेशीवरचा रिसेप्टर तो पकडतो, मग आत एकामागून एक रेणू चालू होत होत गोष्ट केंद्रकापर्यंत जाते आणि कुठला जीन चालू, कुठला बंद ते ठरतं. या वाटांना सिग्नलिंग पाथवे म्हणतात. नॉच, विंट, बीएमपी, एफजीएफ, टीजीएफ-बीटा, हिप्पो ही त्यातली मोठी नावं. जन्मजात हृदयविकार आणि उतारवयातला हृदयविकार आपण दोन वेगळ्या गोष्टी समजतो, पण काही वेळा दोन्हीकडे बिघडलेला मार्ग एकच असतो.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांमध्ये एमएस युनिव्हर्सिटीतून सायन्स केलेले पुष्कळ भेटतात, त्यातल्या झूलॉजीवाल्यांना कोंबडीचा गर्भ सांगायला नको. अंडं ३ दिवस उबवून कवचाला खिडकी पाडली की बलकावर रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं आणि मधोमध एक बारीक लाल ठिपका उडताना दिसतो, तेच हृदय, अजून नुसती वळलेली नळी. माणसात ठोके गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी सुरू होतात, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो, कित्येकींना दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं, आणि आठव्या आठवड्यापर्यंत कप्प्यांचं, झडपांचं मुख्य काम उरकलेलं असतं.

दर १००० जन्मांमागे साधारण ८-९ बाळांच्या हृदयात काहीतरी दोष असतो. अशा वेळी "ग्रहणात बाहेर पडली असशील" असं सुनेला ऐकवणं अजूनही चालतं, ते थांबायला हवं, ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो काही जीन्सशी, आईच्या न आवरलेल्या शुगरशी, गरोदरपणात झालेल्या रुबेलाशी (जर्मन गोवर), पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळीशी (रेटिनॉइक अ‍ॅसिड हा गर्भातला एक सिग्नलच आहे आणि ही गोळी त्याच कुळातली, म्हणून गरोदरपणात सक्त मनाई), आणि बऱ्याच केसेसमध्ये तर नेमकं कारण सापडतच नाही.

सिग्नल नुसता असून भागत नाही, वेळही जुळावी लागते. विंट सुरुवातीला हवा असतो, नंतर तोच हृदयाच्या पेशी बनण्याच्या आड येतो. लॅबमध्ये स्टेम सेलपासून (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी) हृदयाच्या पेशी करताना हेच वापरतात, आधी विंट वाढवायचा मग दाबायचा, की साधारण दोन आठवड्यांत डिशमध्ये पेशी धडधडायला लागतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण नॉचचं. महाधमनीच्या झडपेला ३ पाकळ्या असतात, पण १०० पैकी १-२ जणांना २च असतात आणि बहुतेकांना तरुणपणी काहीच त्रास नसतो. २००५ मध्ये काही कुटुंबांत याचं मूळ नॉच-१ जीनमध्ये सापडलं, आणि त्याच कुटुंबांत पुढे झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक होत होती. कारण असं की नॉच एरवी हाड बनवणाऱ्या रन्क्स-२ या जीनला दाबून ठेवतो, तो दाब कमी झाला की झडपेतल्या पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात. म्हणजे जन्माआधी पाकळ्या चुकवणारा दोषच साठीत झडप दगडासारखी करतो. (सगळ्याच २ पाकळ्यांच्या झडपांमागे नॉच नसतो, तो थोड्याच घरांत सापडतो.) तरी घरात एकाला अशी झडप निघाली तर आईवडील, भावंडं, मुलं यांची एकदा इको करून घ्यावी, साधी सोनोग्राफीच असते, दुखत नाही.

बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं तर हृदयाचा स्नायू जाड होतो, त्यात कॅल्सिन्युरिन या प्रोटीनचा सिग्नल मार्ग चालू होतो आणि गर्भातल्या काळातले काही जीन परत जागे होतात. हार्ट फेल्युअरच्या शंकेत डॉक्टर जी बीएनपीची रक्ततपासणी लिहून देतात ते बीएनपी याच जीन्सपैकी एकाचं प्रोटीन. अ‍ॅड्रिनलिनचा सिग्नल सतत चालू राहिला तरी स्नायू थकतो, बीटा ब्लॉकर तोच अडवतात, म्हणून बरं वाटतंय म्हणून ही गोळी मनाने बंद करू नये.

हिप्पो मार्ग पेशींची वाढ रोखतो. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या हृदयाचा तुकडा कापला तर ते भरून येतं, २०११ मध्ये हे दिसलं, पण जन्मानंतर आठवड्याभरात ती ताकद जाते. हिप्पो बंद केला तर मोठ्या उंदरातही स्नायूपेशी पुन्हा विभागायला लागतात, माणसाच्या अटॅकनंतरच्या जखमेसाठी त्यावर काम चालू आहे.