‘साधारण वर्षभर’ या उत्तराचं गणित

नागपुरात तुकडोजी चौकातलं कर्करोग रुग्णालय घ्या, मेडिकल कॉलेजचं घ्या, नाहीतर जामठ्याचं. ओपीडीच्या दारात एक गोष्ट हमखास दिसते. पेशंटला बाहेर बाकावर बसवून मुलगा ‘फाइल राहिली’ म्हणत एकटाच परत आत जातो. ‘‘डॉक्टरसाहेब, बाबांसमोर नाही विचारता आलं. किती दिवस आहेत, सांगून टाका न जी.’’ डॉक्टर थोडं थांबून म्हणतात, ‘‘साधारण वर्षभर.’’ बाहेर येईपर्यंत त्यातलं ‘साधारण’ गळून पडतं आणि गोंदियाच्या काकांना फोनवर कळतं ते ‘एक वर्ष’.

हे वर्ष येतं कुठून? आजार शरीरभर पसरलेला असताना डॉक्टरांच्या डोक्यात बहुतेक वेळा असतो तो मध्यक. दहावीच्या गणितातला तोच. एकाच प्रकारच्या, एकाच टप्प्यावरच्या शंभर रुग्णांचा माग ठेवला आणि त्यातले पन्नास बाराव्या महिन्यापर्यंत गेले, तर मध्यक बारा महिने. उरलेले पन्नास त्या दिवशी जिवंत असतात, हे मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही.

ते पन्नास जण पुढे कसे पसरतात, हे पाहण्यासारखं आहे. जगलेल्या महिन्यांचा आलेख काढला तर डावीकडे शून्याची भिंत आहे (त्याहून कमी कोणी जगू शकत नाही), उजवीकडे काहीच नाही. त्यामुळे आलेखाला उजवीकडे लांब शेपूट फुटते. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला; मध्यक होता आठ महिने. संख्याशास्त्राशी रोजचा संबंध असल्याने त्यांनी आधी ही शेपूट शोधली, आणि मग आपण तिच्यात का असू शकतो याची कारणं. ते आणखी 20 वर्षं जगले, 2002 मध्ये गेले ते वेगळ्याच कर्करोगाने. असं सगळ्यांचं होत नाही. शेपूट लांब असते, पण बारीक असते.

ऑस्ट्रेलियातल्या कर्करोगतज्ज्ञांनी यावर एक कामाचा ठोकताळा बसवला. साधारण निम्मे रुग्ण मध्यकाच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत जगतात. शंभरातले पाच-दहा जण पाव मुदतही काढत नाहीत आणि तितकेच तिपटीच्या पुढे जातात. म्हणजे ‘वर्षभर’चा अर्थ : बहुधा सहा महिने ते दोन वर्षं, वाईटात वाईट तीन महिने, चांगल्यात चांगलं तीन वर्षं किंवा जास्त. माझ्या मते डॉक्टरांना एक आकडा विचारूच नये. हे तीन विचारावेत. शिवाय मध्यक काढलेले रुग्ण काही वर्षांपूर्वीचे असतात, नवी औषधं त्यांच्या वाट्याला आलेली नसतात, हेही विचारून घ्यावं.

डॉक्टरांचा अंदाज तरी किती बरोबर येतो? शिकागोत 343 डॉक्टरांनी 468 अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांबद्दल वर्तवलेली मुदत तपासली गेली. अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. जेमतेम 20 टक्के अंदाज बरोबर निघाले, 63 टक्के प्रत्यक्षापेक्षा जास्त. गंमत म्हणा की माणुसकी, डॉक्टर रुग्णाला जितके जास्त दिवस ओळखत होते तितका अंदाज जास्त चुकला. म्हणून आपल्या महाल भागातल्या, घरोब्याच्या फॅमिली डॉक्टरांचं मत मायेने ऐकावं, हिशेबाला धरू नये.

आकड्यापेक्षा बरंच काही घरातच दिसतं. डॉक्टर 0 (पूर्वीसारखा हिंडता-फिरता) ते 4 (पूर्ण अंथरुणाला खिळलेला) अशा ‘इकॉग’ मोजपट्टीवर रुग्णाची हालचाल मोजतात. बाबा सकाळी स्वतः आंघोळ करून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन येतात का? जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर किंवा खुर्चीत जात असेल तर अंक 3, आणि पुढची केमो झेपेल का हा प्रश्न तिथे गंभीर होतो. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला, आवडीच्या पाटोडीवरचीही वासना गेली, तर ‘खात नाहीत म्हणून वाळले’ असं सरळ नसतं. आजारच स्नायू झिजवतो, भूकही मारतो. मग आईने घासासाठी मागे लागून दोघांनी रडायचं, यातून वजन वाढत नाही.

उपशामक उपचारांचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव काढलं की ‘म्हणजे आता हात टेकले’ असं नातेवाईक धरून चालतात. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर झालेला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो : नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून हे उपचार मिळालेल्यांचा मध्यक 11.6 महिने, न मिळालेल्यांचा 8.9. नंतरच्या अभ्यासांत दरवेळी आयुष्य वाढलं नाही, पण जगणं सुसह्य झाल्याचं बहुतेकदा दिसलं. मॉर्फिन या वेदनाशामकाची गोळीही मरण जवळ आणायला नसते. योग्य मात्रेत ती रात्रीची झोप देते.

आणि पुण्याचा भाऊ विचारतो, ‘‘सुट्टी कधी टाकू?’’ त्याला मध्यक सांगून उपयोग नाही. उपशामक उपचार करणारे यासाठी बदलाचा वेग बघतात. तब्येत महिन्या-महिन्याला उतरत असेल तर हातात बहुधा महिने असतात, आठवड्या-आठवड्याला उतरत असेल तर आठवडे. काल चहा घेतला, आज फक्त ओठ ओले केले, असं रोज काही सुटत चाललं असेल, तर त्याने आजच्या रात्रीची गाडी पकडावी.