लिंक शेअर केली, पण फोटोच आला नाही! असं का होतं?

व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर लिंक पेस्ट केली की खाली एक चौकोन तयार होतो, त्यात फोटो, ठळक शीर्षक आणि एकदोन ओळींचं वर्णन. पण कधी फोटोच्या जागी साइटचा लोगोच येतो, कधी शीर्षक म्हणून नुसतं 'होम', आणि कधी काहीच नाही, नुसती निळी लिंक. बऱ्याच जणांना वाटतं की ॲप पेज नीट उघडून बघतं आणि त्यातलं चांगलं ते उचलतं. इतकी मेहनत कोणी घेत नाही.

होतं असं की लिंक टाकल्याबरोबर एक बॉट, म्हणजे आपोआप पेज वाचणारा प्रोग्राम, त्या पत्त्यावर जातो आणि पेजचं कच्चं एचटीएमएल, म्हणजे ज्या कोडमधून पेज बनतं तो, घेऊन येतो. फेसबुकचा बॉट स्वतःचं नाव 'फेसबुकएक्स्टर्नलहिट' असं सांगतो, आणि ट्विटरचं एक्स झालं तरी त्यांचा बॉट ट्विटरबॉटच राहिलाय. या बॉटला डिझाइनशी काही देणंघेणं नसतं, तो फक्त पेजच्या हेड भागातले (कोडच्या सुरुवातीचा, न दिसणारा भाग) मेटा टॅग, म्हणजे पेजची माहिती सांगणाऱ्या ओळी, शोधतो. हे टॅग म्हणजे ओपन ग्राफ, फेसबुकने २०१० मध्ये आणलेले, आणि आता जवळपास सगळेच ते वाचतात. त्यात चार गोष्टी सक्तीच्या, शीर्षक, प्रकार, फोटो आणि पेजचा पत्ता, पण वर्णनही द्याच, नाहीतर बॉट पेजवरचं कुठलंही वाक्य उचलून आणतो आणि ते कुकीजच्या सूचनेतलंही असू शकतं. ट्विटरने २०१२ मध्ये स्वतःचे वेगळे कार्ड टॅग काढले, पण ते नसले तर ओपन ग्राफवरच भागवलं जातं, त्यामुळे मोठा फोटो हवा एवढं सांगणारा एक टॅग वाढवला की पुरतं.

आता खरी गोम. आजकालच्या बऱ्याच साइट जावास्क्रिप्टवर (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) चालतात, म्हणजे सर्व्हरकडून जवळजवळ रिकामं पेज येतं आणि मजकूर नंतर ब्राउझरमध्ये भरला जातो. गूगलचा बॉट जावास्क्रिप्ट चालवून बघतो, म्हणून सर्चमध्ये सगळं व्यवस्थित दिसतं आणि साइटवाला निर्धास्त राहतो, पण शेअर करताना येणारे बॉट सहसा ती चालवतच नाहीत, त्यांच्या हाती ते रिकामं पेजच लागतं. हे तपासायला ब्राउझरमध्ये 'व्ह्यू पेज सोर्स' उघडा, 'इन्स्पेक्ट' नको, कारण इन्स्पेक्टमध्ये जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं चित्र दिसतं आणि टॅग आहेत असा समज होतो. सोर्समध्ये ओजी टायटल (ओपन ग्राफचा शीर्षकाचा टॅग, og:title) सापडलं नाही तर बॉटलाही सापडणार नाही, इतकं सरळ आहे. उपाय एकच, निदान हे मेटा टॅग तरी सर्व्हरवरूनच भरून पाठवायचे, आणि शक्य तितके वर ठेवायचे, कारण फेसबुकचा बॉट पेजचा पहिला १ एमबीच वाचतो.

फोटोचं माप १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवलं की बहुतेक ठिकाणी जमतं. ६०० बाय ३१५ पेक्षा लहान असेल तर फेसबुक तो कोपऱ्यात अंगठ्याएवढा करून टाकतं. टॅगमध्ये फोटोचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहायचा, अर्धवट पत्ता ब्राउझरला समजतो पण बॉटला समजेलच असं नाही. एसव्हीजी नको, जेपीजी किंवा पीएनजी द्या आणि फाइल हलकी ठेवा. काही ॲप फोटो कापून चौरस करतात, तेव्हा महत्त्वाचं ते मध्ये असू द्या. आणि शीर्षक छापलेला फोटो आपोआप बनवणारं टूल वापरत असाल तर एकदा मराठी मजकूर टाकून बघाच, यातली कितीतरी टूल्स जोडाक्षरं मोडतात आणि वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटवतात.

हे सगळं केलं तरी जुनाच फोटो दिसतोय? कारण बॉट दर वेळी नव्याने येत नाही, एकदा आणलेलं साठवून ठेवतो. फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून 'स्क्रेप अगेन' दाबलं की तो परत येऊन बघतो, लिंक्डइनचं असंच पोस्ट इन्स्पेक्टर आहे. तरी हटला नाही तर फोटोच्या फाइलचं नावच बदला, नवं नाव म्हणजे त्याच्यासाठी नवा फोटो. पूर्वी फेसबुक पेजवाल्यांना शेअर करताना दुसऱ्याच्या बातमीचं शीर्षक बदलताही यायचं, खोट्या बातम्यांना आयतं कुरण मिळालं तसं २०१७ मध्ये ते बंद करावं लागलं, आणि बरंच झालं.

व्हॉट्सॲपचं गणित वेगळं. तिथे मेसेज एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता न येणारे, असल्यामुळे प्रीव्ह्यू, म्हणजे तो फोटोचा चौकोन, कंपनीच्या सर्व्हरवर बनत नाही, पाठवणाऱ्याच्या फोनवर बनतो आणि मेसेजसोबतच जातो. म्हणून लिंक पेस्ट केल्यावर चौकोन येईपर्यंत दम धरा, घाईत सेंड केलं तर लिंक तशीच उघडीबोडकी जाते, आणि गेलेल्या मेसेजमधला चुकीचा फोटो नंतर साइटवर काहीही बदललं तरी सुधारत नाही, मेसेज डिलीट करून परत पाठवावा लागतो.