हाउजीत नंबर लागला की आधी ओरडा, तिकीट मग तपासा

सोसायटीचा वर्धापनदिन असो, कोजागरी असो, भिशीचा वाढदिवस असो की ज्येष्ठ नागरिक संघाची सहल. हाउजी झाली की दुसऱ्या दिवशी ती खेळवणाऱ्या आम्हाला आयोजकांचा फोन ठरलेला. "अहो, आमच्या काकूंची टॉप लाइन आधी झाली होती, मग बक्षीस दुसऱ्यांना का दिलंत?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही सरळ आहे. दरवेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हे पत्रक. कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी ते तुमच्या ग्रुपवर टाका. खेळ पटापट होईल आणि मनं दुखावणार नाहीत.

खेळ तुम्हाला येतोच, त्यामुळे तिकिटाबद्दल थोडक्यात. तीन ओळी, नऊ उभे रकाने, प्रत्येक ओळीत पाच याप्रमाणे पंधरा नंबर. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्या रकान्यात ८० ते ९०. नंबर ऐकला की कोणत्या रकान्यात बघायचं ते लगेच कळावं यासाठीच ही रचना आहे. संपूर्ण तिकीट वरपासून खालपर्यंत शोधत बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी त्यांचा वेग दुप्पट होईल.

आता काकूंच्या टॉप लाइनकडे येऊ. समजा त्यांच्या वरच्या ओळीत ४, २३, ४७, ६१ आणि ८८ आहेत आणि ४७ तेवढा बाकी आहे. आम्ही पुकारतो, "चार सात, सत्तेचाळीस". काकू रेघ मारतात. पाच झाले का, मोजतात. २३ खरंच आला होता की नुसता भास झाला, असं शेजारच्या वहिनींना विचारतात. वहिनी आपलं तिकीट बाजूला ठेवून त्यांच्या तिकिटात डोकावतात. तोवर इकडे पुढचा नंबर जातो, "एक दोन, बारा", आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडतं, "टॉप लाइन!" त्यावर काकू उठतात, "माझी आधीच झालीय!"

झालेली असते, खरंच. तिकीट बघितलं की आम्हालाही दिसतं. तरीही बक्षीस मागच्या रांगेतल्या माणसाला जातं, कारण नियम असा आहे की ज्या नंबरावर तुमची ओळ पूर्ण झाली, त्याच नंबरावर क्लेम करायचा, म्हणजे ओरडून हक्क सांगायचा. पुढचा नंबर तोंडातून बाहेर पडला की आधीचा हक्क संपला.

हा नियम आम्ही बनवलेला नाही. क्लबांत आणि लष्कराच्या मेसमध्ये तो वर्षानुवर्षं असाच चालत आलाय. ब्रिटिश सैनिकांबरोबर हा खेळ इथल्या छावण्यांमध्ये आला, तिथून जिमखान्यांत आणि मग आपल्या सोसायट्यांच्या गच्चीवर. इंग्लंडमध्ये १९६१ पासून बिंगोचे, म्हणजे आपल्या हाउजीचे, कायदेशीर हॉल सुरू झाले, जुनी थिएटरं हॉल झाली, शेकडो माणसं एका वेळी बसू लागली. एवढ्या गर्दीत मागे जाऊन हिशेब करायचा ठरवला तर खेळ कधी संपायचाच नाही. आपल्याकडे दीडशे तिकिटं असली तरी तेच होतं. एकदा मागचा क्लेम मानला की तिसरा उठतो, "मग माझे फोर कॉर्नर्स पण झाले होते." जो कान देऊन बसला होता आणि वेळेवर ओरडला, त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे. म्हणून कितीही जवळचा पाहुणा असला, अध्यक्षांच्या घरातला असला, तरी आम्ही मागे जात नाही. कृपया तसा आग्रह करू नका.

मात्र नियम कडक असेल तर माणसाला संधीही पुरेशी मिळायला हवी, हे आम्ही पाळतो. प्रत्येक नंबर आम्ही सुटा, मराठीत आणि इंग्रजीत असा तीनदा पुकारतो: "सहा नऊ, एकोणसत्तर, सिक्स्टी नाइन". एकोणसाठ आणि एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत मोठी माणसंही माईकवर गडबडतात, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर हे शब्द परकेच वाटतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. आमच्या कामात दोन्ही पद्धती लागतात. आजोबांना एकोणसत्तर हवं असतं, नातवाला सहा नऊ. पुकारून झालं की क्षणभर थांबतो, समोर नजर फिरवतो आणि मगच पुढच्या नंबराला हात घालतो. काही जण म्हणतात, तुमचा माणूस हळू पुकारतो. हळू पुकारतो, कारण एका वादात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दहा-पंधरा नंबर आरामात होतात.

लोक आधी ओरडत का नाहीत, याचंही कारण आम्हाला माहीत आहे. चुकीचा क्लेम म्हणजे बोगी, आणि बोगी झाली की तिकीट बाद, शिवाय चारचौघांत हसं. क्लबांत तसंच असतं. त्या भीतीने माणूस आधी तपासत बसतो आणि बक्षीस घालवतो. म्हणून आमच्या खेळात पहिली बोगी माफ असते. तपासून बघतो, नसेल तर "पुढे चला" म्हणतो, तुमचं तिकीट चालूच राहतं. दुसऱ्यांदा झालं तर मात्र ते तिकीट बाद. ही सवलत आम्ही मुद्दाम ठेवली आहे. तेव्हा शंका असली तरी ओरडा. तपासणं आमचं काम आहे. आमच्या नव्वद खुंट्यांच्या बोर्डावर पुकारलेला प्रत्येक नंबर लावलेला असतो, तिकीट आणलंत की आम्ही एकेक नंबर मोठ्याने वाचून सर्वांसमोर ताडून बघतो.

ओरडा म्हणजे खरोखर ओरडा. हात वर केलेला मागून दिसत नाही, उभं राहिलात तर वाटतं पाणी प्यायला चाललात. गच्चीवर वारा असतो, खाली ढोलपथकाचा सराव चालू असतो. ज्यांचा आवाज पोचत नाही अशा आजी-आजोबांच्या शेजारी एखादं मोठ्या आवाजाचं नातवंड बसवा.

रेघेचंही तसंच. नंबरावर एकच तिरकी रेघ मारा. काही जण पेनने पार गिरवून टाकतात, मग खाली ३८ होता की ३६ ते आम्हालाही वाचता येत नाही आणि तपासणी अडते. परदेशातल्या बिंगो हॉलमध्ये जाड टोकाचं शाईचं पेन वापरतात, पण ती शाई मुद्दाम पारदर्शक असते, खालचा नंबर दिसत राहतो. राजमा किंवा चणे ठेवून खेळायची हौस घरी ठीक आहे. कार्यक्रमात कोणाचा तरी पदर लागतो आणि सगळं जमिनीवर. पेनं आम्ही तिकिटांबरोबर देतो.

फोर कॉर्नर्सबद्दल एक खुलासा, कारण त्यावरही बराच वेळ जातो. कॉर्नर म्हणजे तिकिटाच्या कोपऱ्यातला चौकोन नव्हे, तो अनेकदा रिकामा असतो. वरच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा नंबर, खालच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा नंबर, हे चार.

मुलाकडे अमेरिकेला किंवा लेकीकडे लंडनला जाऊन आलेली मंडळी सांगतात, तिथे वेगळंच असतं. अमेरिकेत खरंच वेगळं आहे. लास व्हेगासच्या कॅसिनोतला बिंगो ७५ नंबरांचा असतो, तिकीट पाच बाय पाचचं, मधलं घर फुकट, आणि नंबराआधी रकान्याचं अक्षर पुकारतात. त्यात आपली टॉप लाइन, बॉटम लाइन शोधू नका, तिथे प्रत्येक डावाचा आकार आधी जाहीर होतो: कधी आडवी-उभी ओळ, कधी फुली, कधी पूर्ण तिकीट. लंडनला मात्र आपलंच नव्वद नंबरांचं तिकीट मिळेल, आधी एक ओळ, मग दोन, मग फुल हाउस, म्हणजे सगळे पंधरा नंबर. अनेक हॉलमध्ये हातात छोटं मशीन मिळतं, ते नंबर आपोआप खोडतं. तरी जाणार असाल तर पहिल्या डावाआधी भिंतीवरचे नियम वाचा आणि क्लेम कसा करायचा ते काउंटरवर विचारून घ्या. वेळेवर आवाज द्यायचा हे सूत्र तिथेही उपयोगी पडतं.

यावरूनच दुसरा प्रश्न येतो: पैसे लावून खेळ ठेवता येईल का? आमचं उत्तर नाही असं आहे. गोव्यात कॅसिनोंना परवानगी आहे, महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे १९७६ चा कॅसिनो कायदा होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा मात्र लागू आहे. आम्ही तिकिटांचे पैसे गोळा करून त्यातून रोख बक्षीस वाटत नाही. आमची फी आयोजक देतात, तिकीट खेळणाऱ्यांना मोफत आणि बक्षिसं वस्तूंची. घरातली लहान मुलं शेजारी बसून खेळतात, त्यामुळे आम्हाला हेच योग्य वाटतं.

बक्षिसांवरून आठवलं. एकाच नंबरावर दोघांचं फुल हाउस होऊ शकतं, आणि दोघंही वेळेवर ओरडले तर दोघंही विजेते. अशा वेळी आयोजकांकडे एकच प्रेशर कुकर असतो. त्यापेक्षा मोठं बक्षीस दोन सारख्या वस्तूंचं ठेवा, किंवा दुकानाची व्हाउचर घ्या म्हणजे वाटता येतील. तेही नसेल तर चिठ्ठी टाकायची हे खेळ सुरू होण्याआधीच माईकवर सांगा.

याच कारणाने आम्ही जुन्या तिकिटांच्या झेरॉक्स चालवून घेत नाही. दोन पानांची बचत करायला जाऊन एकच तिकीट चौघांच्या हातात पडतं आणि चौघं एकदम उभे राहतात. आमची तिकिटं सहाच्या पट्टीत येतात. एका पट्टीत १ ते ९० मधला प्रत्येक नंबर एकदाच असतो, त्यामुळे पूर्ण पट्टी घेणाऱ्याला प्रत्येक पुकाऱ्याला काही ना काही खोडायला मिळतं, मुलं कंटाळत नाहीत. पण सहा तिकिटं सांभाळताना ऐकणं सुटतं आणि क्लेम उशिरा होतो. नवख्यांनी आणि ज्येष्ठांनी दोन किंवा तीनच घ्यावीत, हा आमचा प्रामाणिक सल्ला. तिकिटं कमी लागली तरी चालतील.

वेळेचा अंदाज हवा असतो म्हणून सांगतो. एकट्या तिकिटाचं फुल हाउस व्हायला सरासरी ८५ नंबर लागतात. शंभर तिकिटं असली तर त्यातलं एखादं बहुधा साठ ते सत्तर नंबरांच्या दरम्यान पूर्ण होतं. शांतपणे पुकारून, क्लेम तपासून, असा एक डाव अर्ध्या तासात बसतो. जेवणाआधी दोन डाव ठेवा, तिसरा ठेवाल तर लोकांचं लक्ष ताटाकडे जातं.

गणेशोत्सव, नवरात्र आणि कोजागरीच्या तारखा लवकर भरतात. बुकिंग करताना माणसं किती, गच्ची की हॉल, माईक तुमचा की आमचा, आणि ज्येष्ठ मंडळी किती हे कळवा. ज्येष्ठ जास्त असतील तर मोठ्या अक्षरातली तिकिटं त्याच दरात देतो. बक्षिसांची यादी आदल्या दिवशी पाठवलीत तर ती खेळाआधी माईकवर वाचून दाखवू.