फाइलचे गुणधर्म

संगणकातील एखाद्या फाइलविषयी उपलब्ध असलेली माहिती: नाव, प्रकार, आकार, ठिकाण, तारखा, मालक, परवानग्या. विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ निवडले, किंवा ऑल्ट धरून एंटर दाबले, की ती एका चौकटीत दिसते. मॅकवर त्यासाठी कमांड आणि आय या कळा आहेत, तर लिनक्सच्या टर्मिनलवर ‘स्टॅट’ ही आज्ञा.

चौकट एक असली तरी माहिती दोन ठिकाणांहून येते, आणि बहुतेक गैरसमज हे लक्षात न घेतल्याने होतात. आकार, तारखा, परवानग्या यांची नोंद फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था, ठेवते; जमीन वेगळी आणि तिचा सातबारा वेगळा, तसेच हे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत ही नोंद ‘मास्टर फाइल टेबल’मध्ये असते. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढला, वर्डचा मजकूर कोणी लिहिला ही माहिती मात्र खुद्द फाइलच्या पोटात असते आणि फाइल जाईल तिथे सोबत जाते.

आकाराचे दोन आकडे दिसतात. पहिला फाइलमधील बाइटांचा, दुसरा डिस्कवर अडलेल्या जागेचा. एनटीएफएस सहसा ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांत जागा देते, म्हणून ५,००० बाइटांची फाइल ८,१९२ बाइट अडवते. उलट काहीशे बाइटांची चिमुकली फाइल मास्टर फाइल टेबलातच मावते आणि डिस्कवरील आकार चक्क शून्य दिसतो. विंडोज १,०२४ बाइटांना एक केबी धरते, मॅक २००९ पासून, आणि डिस्क बनवणारेही, १,००० बाइटांना. त्यामुळे ५०० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते. भरतीच्या ऑनलाइन अर्जात फोटो ‘५० केबीच्या आत’ मागतात, तेव्हा कंसातला बाइटांचा आकडा पाहणे चांगले.

देवनागरीचा हिशेब निराळा आहे. यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत साठवण्याच्या संकेतनात तिची प्रत्येक खूण, काना-मात्राही धरून, ३ बाइट घेते. ‘पुणे’ एवढा मजकूर १२ बाइटांचा. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने मराठी नाव ८५ खुणांतच संपवावे लागते.

तारखांवर फार विसंबू नये. फाइलची प्रत केली की ‘निर्मिती’ची तारीख नवी पडते, ‘बदल’ची जुनीच राहते. मग फाइल जन्मण्याआधीच बदलली गेल्याचे दिसते, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. ‘शेवटी उघडली’ ही तारीख तर सर्वांत कच्ची: डिस्कवरचा ताण वाचवण्यासाठी विंडोज व्हिस्टात ती अद्ययावत करणे मुळातच बंद ठेवले गेले होते. युनिक्स (लिनक्सचे घराणे) मधील ‘सीटाइम’ या तारखेला अनेकजण निर्मितीची वेळ समजतात, प्रत्यक्षात ती फाइलची नोंद शेवटची बदलल्याची वेळ असते.

‘रीड-ओन्ली’ आणि ‘हिडन’ या खुणा विंडोजआधीच्या डॉस प्रणालीच्या काळापासूनच्या. त्या कुलूप नव्हेत, एका टिचकीने निघतात. खऱ्या परवानग्या ‘सिक्युरिटी’ या भागात असतात. प्रकाराबाबतही सावध राहावे. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी प्रकाराची अक्षरे, लपवते, आणि मे २००० मधील ‘आयलव्हयू’ विषाणूने याचाच फायदा घेतला: ‘टीएक्सटी’ (साधा मजकूर) दिसणाऱ्या नावामागे ‘व्हीबीएस’ (चालणारा प्रोग्रॅम) दडले होते.

पोटातली माहिती किती बोलते, हे अमेरिकेतील विचिटा शहरात दिसले. २००५ मध्ये एका मालिका-खुन्याने पोलिसांना फ्लॉपी पाठवली. तिच्यातील खोडलेल्या वर्ड फाइलच्या गुणधर्मांत एका ल्यूथरन चर्चचे नाव आणि ‘डेनिस’ एवढे सापडले. त्यावरून पोलीस चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेनिस रेडर याच्यापर्यंत पोहोचले. आज मोबाइलच्या फोटोत काढल्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच पोहोचतात. विंडोजमध्ये ‘डिटेल्स’ भागाच्या तळाशी ही माहिती काढून टाकण्याची सोय आहे, पण तिकडे क्वचितच कोणी जाते.

तारखा व नावे सहज बदलता येत असल्याने पुरावा म्हणून गुणधर्मांची चौकट पुरेशी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठशासारखा आकडा, द्यावे लागते. मजकुरातला एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते, फाइलचे नाव बदलल्याने बदलत नाही. विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये ते सहसा दिसत नाही. ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने काढता येते.