हलका म्हणून हलतो

पुतणी सायकल शिकत होती. मी मागे धावत तिचा व्हिडिओ घेतला. कॅमेरा खिशात मावणारा, २०० ग्रॅमचा. पोरगी एकदाही पडली नाही, पण संध्याकाळी सगळे बसून तो व्हिडिओ पाहू लागलो तेव्हा बघणाऱ्यांनाच गरगरायला लागलं. त्यावर घरातल्या एका जाणकाराने सल्ला दिला, ‘याहून हलका कॅमेरा घे. हात भरून येणार नाही, म्हणजे चित्रही हलणार नाही.’

सल्ला प्रेमाचा होता, पण शंभर टक्के उलटा. कॅमेरा हलला तो हलका होता म्हणूनच. आणि ही गोष्ट एकदा नीट कळली, की एक काठी, दोन-चार वॉशर आणि थोडी सुतळी एवढ्या भांडवलावर बरंच काही साधता येतं.

आधी ‘हलणं’ म्हणजे नेमकं काय ते पाहू. कॅमेरा दोन प्रकारे हलतो : एक तर तो जागेवरून सरकतो, नाहीतर जागच्या जागी वळतो. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स झूम न करता साधारण ६० अंशांचं दृश्य टिपते असं धरू. फुल एचडी चित्रात आडव्या ओळीत १९२० पिक्सेल असतात, म्हणजे एका अंशाच्या वाट्याला ३२ पिक्सेल आले. कॅमेरा एका अंशाने वळला की समोरचं सगळं, जवळचा माणूस आणि लांबचा डोंगरसुद्धा, ३२ पिक्सेल सरकतं. आता कॅमेरा न वळवता नुसता १ से.मी. बाजूला न्या. ३ मीटरवरचा माणूस साडेपाच पिक्सेल सरकेल आणि ३० मीटरवरचं झाड जेमतेम अर्धा. खरा गुन्हेगार वळणं हा आहे, सरकणं नव्हे. त्यात झूम करून दृश्य १० अंशांचं केलं, तर तोच एक अंश १९२ पिक्सेलना भारी पडतो. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला!

‘अमक्याचा हातच स्थिर, देवाची देणगी आहे’ असं काही जण म्हणतात. देणगी वगैरे काही नाही. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरत असतो. तुमचाही, सिनेमाच्या छायाचित्रकाराचाही. फरक पडतो तो हातात काय आहे आणि ते कसं धरलंय यामुळे.

एक प्रयोग करा. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या दोन हातांत घेऊन छातीशी धरा आणि कमरेतून झटकन डावीकडे-उजवीकडे वळा. मग हात दोन्ही बाजूंना ताठ पसरून तेच करा. बाटल्यांचं वजन तेवढंच, पण आता शरीर वळायला कुरकुर करतं आणि वळायला लागलं की थांबायलाही. वळण्याला होणाऱ्या या विरोधाला पाठ्यपुस्तकात जडत्व आघूर्ण म्हणतात. नावाला घाबरू नका, सूत्र अगदी साधं आहे : वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग. सगळी गंमत त्या ‘वर्ग’ शब्दात आहे. वजन दुप्पट केलं तर विरोध दुप्पट होतो, पण तेच वजन दुप्पट अंतरावर नेलं तर चौपट. दोरीवरून चालणारा कसरतपटू एवढी लांबलचक काठी हातात घेतो ती यासाठीच.

आता हे कॅमेऱ्याला लावू. १० से.मी. रुंद, लेन्ससकट ६ से.मी. जाड आणि २०० ग्रॅम वजनाचा कॅमेरा एक ठोकळा समजला, तर त्याचं स्वतःभोवतीचं जडत्व आघूर्ण येतं सुमारे २,३०० (एकक ग्रॅम गुणिले सेंटिमीटरचा वर्ग). तो ४० से.मी.च्या हलक्या आडव्या पट्टीच्या मधोमध बसवला आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना १००-१०० ग्रॅमची वजनं बांधली. टोकं मध्यापासून २० से.मी. दूर. वजनांचा हिशोब : २०० गुणिले ४०० म्हणजे ८०,०००. एकूण वजन दुप्पट झालं, पण वळण्याला होणारा विरोध तब्बल ३६ पट! हाताचा तोच धक्का आता कॅमेऱ्याला छत्तिसाव्या हिश्श्याने वळवतो. बाजारात कॅमेरे दरवर्षी लहान आणि हलके होत चाललेत आणि आपण त्यालाच प्रगती म्हणतोय. खिशासाठी ती प्रगतीच आहे, चित्रासाठी नाही.

इथपर्यंत वाचत आलेल्या माणसासाठी पुढचा भाग. तो माझ्या फार आवडीचा आहे, त्यामुळे थोडा लांबेल.

पट्टी आडवी न ठेवता उभी करा. ४० से.मी.ची काठी, वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला प्रतिवजन आणि बरोबर मध्यावर अशी मूठ की तिच्यावर काठी कुठल्याही दिशेला मोकळी झुलेल. मुठीत बॉल जॉइंट किंवा एखादं बेअरिंग बसवता येतं. आता प्रश्न : खाली वजन किती लावायचं? जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, ‘भरपूर लावा, बूड जड असलं की वस्तू स्थिर.’ टेबलावरच्या फुलदाणीसाठी हे खरं आहे. इथे मात्र ते साफ चुकतं.

वर कॅमेरा २०० ग्रॅम आहे. खाली ६०० ग्रॅम लावले तर काय होईल? गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं वागतं तो बिंदू, मुठीच्या बराच खाली जाईल आणि हे सगळं प्रकरण घड्याळाच्या लंबकासारखं वागू लागेल. त्याच्या एका पूर्ण झोक्याला किती वेळ लागतो ते काढता येतं. मुठीभोवतीच्या जडत्व आघूर्णाला गुरुत्वाच्या खेचीने (एकूण वजन गुणिले मुठीपासून गुरुत्वमध्याचं अंतर गुणिले गुरुत्वत्वरण) भागायचं, वर्गमूळ घ्यायचं आणि २π ने (π म्हणजे सुमारे ३.१४) गुणायचं. आकडे घातले की उत्तर येतं सुमारे १.३ सेकंद.

आता माणसाची चाल बघा. आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. शरीर डाव्या पावलाला एकीकडे आणि उजव्याला दुसरीकडे कलतं, म्हणजे डुलण्याचं एक आवर्तन होतं सुमारे एका सेकंदात. लंबकाचा झोका १.३ सेकंदाचा, चालण्याची डुलकी १ सेकंदाची. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकलत राहिलं की तो चढत जातो, तेच इथे होणार. आपण हौसेने बूड जड केलं आणि स्वतःच्या चालीनेच कॅमेऱ्याला झोके द्यायला लागलो!

मग खाली ६०० नव्हे, फक्त २०५ ग्रॅम लावा. कॅमेऱ्यापेक्षा अवघे ५ ग्रॅम जास्त. एक-दोन वॉशर. जडत्व आघूर्ण अजूनही भक्कम आहे, सुमारे १,६२,०००, कारण दोन्ही वजनं मुठीपासून २० से.मी. लांब आहेत. पण गुरुत्वाची खेच जवळजवळ नाहीशी झाली, कारण गुरुत्वमध्य मुठीच्या जेमतेम पाव सेंटिमीटर खाली आहे. आता एका झोक्याला ८ सेकंद लागतात. चालण्याची १ सेकंदाची डुलकी या आळशी लंबकाला कळतच नाही. तो हलायचा विचार करेपर्यंत आपण पुढच्या आठ डुलक्या घेऊन मोकळे. जलद धक्क्यांना काठी किती कलते, हे झोक्याच्या वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. त्या गणिताने, आपला हात २ से.मी. बाजूला डुलला तर १.३ सेकंदवाली काठी किमान ३ अंश कलते (लय जुळल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त), आणि ८ सेकंदवाली ०.०७ अंश. फरक ४० पटीचा. सामान तेच, फक्त खालचं वजन कमी केलं.

सगळं वजन अगदी बरोबरीत, २००-२०० केलं तर? मग खेच शून्य. काठी जशी सोडाल तशी राहील, वाकडी सोडलीत तर वाकडीच. म्हणून ते दोन-चार ग्रॅम हवेतच. हे तपासायची युक्ती व्यावसायिक लोकही वापरतात : काठी आडवी धरून सोडायची आणि ती उभी व्हायला लागणारा वेळ मोजायचा. २ ते ३ सेकंद लागले की जमलं. आपल्या २०५ ग्रॅमवाल्या काठीला सुमारे २.४ सेकंद लागतात. वॉशर एकेक करून घाला-काढा, तबला लावल्यासारखं. पहिल्या दिवशी मला तासभर लागला आणि त्यानंतर लक्षात आलं की कॅमेऱ्यात मेमरी कार्डच नव्हतं.

अजून एक बारकावा. उभी बारीक काठी स्वतःच्या अक्षाभोवती, म्हणजे डावीकडे-उजवीकडे, सहज गरगर फिरते, कारण त्या अक्षापासून सगळं वजन जवळ आहे. उपाय पुन्हा तोच ‘वर्ग’ : खालचं वजन एका गठ्ठ्यात न लावता आडव्या पट्टीवर पुढे-मागे विभागायचं.

ही कल्पना माझी नाही, हे सांगायला नको. अमेरिकन कॅमेरामन गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात स्टेडिकॅम बनवला, त्याच्या गाभ्याशी हेच आहे. वर कॅमेरा, खाली बॅटरी आणि मॉनिटर एकमेकांपासून लांब आणि मधे गुरुत्वमध्याच्या किंचित वर बोटांची पकड. त्यांनी नमुना दाखवायला आपल्या मैत्रिणीला फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून पळवलं आणि मागे कॅमेरा घेऊन स्वतः पळाले. त्याच पायऱ्या पुढे ‘रॉकी’ या १९७६च्या चित्रपटात आल्या, आणि त्या शोधासाठी १९७८मध्ये ब्राउन यांना ऑस्कर मिळालं. त्यांच्या यंत्राला स्प्रिंगचा एक हातही असतो, तो पावलागणिक होणारी वर-खाली उसळी गिळतो. आपल्या काठीला तो नाही. त्याची भरपाई गुडघे वाकवून, मांजरीच्या पावलांनी चालून करावी लागते.

मोटरवाला गिंबल, म्हणजे मोटरींनी कॅमेरा सरळ ठेवणारी मूठ, घेतला की हे सगळं आपोआप होतं, हे खरं. पण त्याच्या आत भोवरा फिरत असतो आणि तो कॅमेरा ‘धरून ठेवतो’ ही समजूत सोडा. आत कंप पावणारे सूक्ष्म सिलिकॉनचे संवेदक असतात. ते वळण मोजतात आणि मोटरी उलट्या दिशेने तेवढंच वळवतात. म्हणून बॅटरी संपली की मान टाकतो. काठी बॅटरी मागत नाही. आणि कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण? ते चित्राच्या कडा कापून उरलेला भाग सरकवतं. कमी उजेडात एका फ्रेमच्या आतच कॅमेरा हलून जी रेघ उमटते, ती त्याला पुसता येत नाही. वरून स्वस्त सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो, त्यामुळे धक्का बसला की खांब जेलीसारखे लवतात. कॅमेरा मुळातच शांत असणं याला पर्याय नाही.

उभं राहूनच चित्रण करायचं असेल तर काठीचीही गरज नाही. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडसाठी जे भोक असतं, त्याचे आटे जवळजवळ सगळ्या छोट्या कॅमेऱ्यांत सारखेच : पाव इंच जाडी, इंचाला २० आटे. त्या मापाचा आखूड बोल्ट, त्याला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक पायाखाली, आणि कॅमेरा वर ओढून धरायचा. वर-खाली थरथर लगेच कमी होते. बाजूची फारशी नाही, कारण २ किलो वजनाएवढ्या ताणानेही दीड मीटरची सुतळी १ से.मी. सरकलेल्या कॅमेऱ्याला परत खेचते ती जेमतेम १३ ग्रॅम वजनाएवढ्या जोराने. त्यापेक्षा सुतळीचा फास करून दोन्ही पाय फाकवून त्रिकोण करा, बराच फरक पडतो.

लेन्सपुढच्या काचांबद्दल थोडक्यात. यूव्ही फिल्टरने रंग खुलतात म्हणून तो गळ्यात मारला जातो. डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स आणि सेन्सरवरची काच अतिनील किरण आधीच अडवतात. तो फिल्टर ओरखड्यांपासून संरक्षण म्हणून ठीक, बाकी जाहिरात. कामाचा आहे तो एनडी फिल्टर, म्हणजे नुसती काळसर काच. हालचाल डोळ्याला सहज वाटावी म्हणून सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात प्रत्येक फ्रेमला १/५० सेकंद उजेड द्यायची पद्धत आहे. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ठेवून त्यासाठी लेन्सचं छिद्र एफ/२२ एवढं लहान लागतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आणि छोट्या कॅमेऱ्यांचं छिद्र बहुधा एफ/८ पर्यंतच लहान होतं. मधले तीन टप्पे, दर टप्प्याला उजेड दुप्पट, म्हणजे आठपट उजेड जास्त. एनडी ८ नेमका आठवा हिस्सा आत सोडतो.

आवाजाचं मात्र काठी-सुतळीने भागत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याच्या आवाजाची तीव्रता चौथा हिस्सा उरते, पुन्हा तोच वर्ग, यावेळी उलटा. कॅमेऱ्यातला माइक २ मीटरवर, कॉलरला लावायचा माइक २० से.मी.वर : तीव्रतेत १०० पटीचा फरक. कॅमेऱ्याला माइकचं भोक नसेल तर माइक फोनला जोडून आवाज वेगळा घ्या आणि सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, नंतर चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. टाळी माइकजवळ वाजवा. १० मीटरवरून वाजवलेली टाळी माइकपर्यंत पोचायला सुमारे ०.०३ सेकंद घेते. तेवढ्यात जवळजवळ एक फ्रेम निघून गेलेली असते, आणि मग शब्द आधी येतात, ओठ मागून हलतात.