‘पुनर्वसन’ नेमके कशाचे? मराठवाड्यातील कुत्र्या-मांजरांच्या उपचारांची पार्श्वभूमी

आपल्याकडे ढोरांच्या दवाखान्यासमोर लोखंडी पाइपचा खोडा असतो. गाय किंवा बैल त्यात उभा करायचा, मागून आडवा दांडा घालायचा आणि मग तपासायचे. कुत्रा आला की खोडा बिनकामाचा. त्याला बाजूच्या ओट्यावर आडवे पाडतात, गॉजच्या पट्टीने मुसके बांधतात आणि मागचे पाय मालकालाच धरायला लावतात. मांजर येते ते भाजीच्या पिशवीतून, आणि निसटले की औषधांच्या कपाटामागे जाऊन बसते. इथल्या कुत्र्या-मांजरांच्या उपचारांचा बराचसा इतिहास या ओट्यावरच घडला.

तो फार जुना नाही. 1948 पर्यंत निजामाचा अंमल, त्यानंतर हैदराबाद राज्य, मग मुंबई, मग महाराष्ट्र. राज्ये बदलली, पण गुरांच्या डॉक्टरचे काम बैल आणि साथीचे रोग यांच्याभोवतीच राहिले. कोरडवाहू मुलखात ते चुकीचेही नव्हते. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते 1972 साली, म्हणजे ऐन दुष्काळात. उदगीरला 1987 मध्ये. देवणी आणि लाल कंधारी गुरे, उस्मानाबादी शेळी ही तिथली अभिमानाची नावे. 2000 मध्ये पशुविज्ञानासाठी नागपूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि दोन्ही महाविद्यालये कृषी विद्यापीठाच्या छत्राखालून तिकडे गेली. खात्याचा शब्द मात्र कायम राहिला: पशुधन. कुत्रे त्या धनात बसत नाही. गंमत अशी की माळेगावला खंडोबाच्या यात्रेत ‘पशु, अश्व, श्वान, कुक्कुट’ असे प्रदर्शन भरते. खंडोबाच्या कुत्र्याला मंडपात हक्काची जागा आहे, दवाखान्याच्या पाटीवर नाही.

‘स्पेशालिस्ट’ या शब्दाचेही असेच. पदव्युत्तर शिक्षणात शाखा पडतात त्या शस्त्रक्रिया, औषधोपचार, प्रजनन अशा, प्राण्यावरून नव्हे. त्यामुळे एकच सर्जन सकाळी बैलाच्या शिंगाचा कॅन्सर काढतो आणि दुपारी पॉमेरेनियनच्या मांडीत पिन घालतो. लोक याला उणीव म्हणतात. माझ्या मते यातूनच इथल्या डॉक्टरांचा हात तयार झाला. खरी उणीव ऑपरेशननंतरच्या दीड-दोन महिन्यांत आहे, आणि तिथेच ‘पुनर्वसन’ हा शब्द आडवा येतो.

मराठवाड्यात हा शब्द उच्चारला की आधी जायकवाडी आठवते, नंतर किल्लारी. धरणाने उठवलेली गावे, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेली 52 गावे. पुनर्वसन म्हणजे जागा देणे, हा अर्थ पक्का बसला. कुत्र्यांच्या बाबतीत शब्द आला तोही हाच अर्थ घेऊन. 2001 च्या केंद्रीय नियमांनी ठरवले की भटके कुत्रे पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचलले तिथेच सोडा. 2023 च्या नियमांतही तो गाभा राहिला. वाद पेटला तो सोडण्यावरून. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी दिल्ली परिसरातील कुत्रे निवाऱ्यात ठेवायला सांगितले, 22 ऑगस्टला मोठ्या पीठाने ते बदलून रेबीजचे व आक्रमक कुत्रे वगळता बाकीचे परत सोडायला सांगितले, आणि 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातले कुत्रे उचलून परत तिथे न सोडण्याचा आदेश दिला. आता पालिकांच्या बैठकांत ‘श्वान पुनर्वसन’ म्हणजे पिंजरे, कुंपण आणि गावाबाहेरची जागा.

वैद्यकातला अर्थ, म्हणजे दुखापतीनंतर किंवा ऑपरेशननंतर प्राण्याला पुन्हा हिंडते-फिरते करणे, या गोंधळात दबून गेला. तो तरुणच आहे. शर्यतीच्या घोड्यांची आणि ग्रेहाउंडची मालिश-शेक जुनी, पण घरच्या कुत्र्यांसाठी ही वेगळी शाखा उभी राहिली ती 1990 नंतर. अमेरिकेत तिला स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता 2010 मध्ये. डॅशहाउंडची मणक्यातली चकती सरकते, लॅब्रॅडॉरचा खुबा झिजतो, डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या पिलाचे पाय लटपटतात आणि रस्त्यावर गाडीखाली येणे तर रोजचेच. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याचे बोट चिमट्याने दाबून पाहतात. पाय ओढला एवढ्याने भागत नाही, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. मान वळवून बघितले, केकाटले, तर आशा. पुढे मूत्राशय हाताने रिकामे करणे, दर काही तासांनी कूस बदलणे, सांधे हलवत राहणे, पोटाखालून ओढणी घालून चार पावले चालवणे. शहरी केंद्रांत पाण्यातला चालता पट्टा (ट्रेडमिल) असतो. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे त्याचा हट्ट धरणारा मी नाही. ओढणीने पुष्कळ होते.

वेदनाशामकांची गोष्ट थोडक्यात. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मरत होती, म्हणून जनावरांसाठीचे हे औषध 2006 मध्ये बंद झाले आणि मेलोक्सिकॅम रुळले. माणसाची गोळी घरच्या घरी देण्याची सवय मात्र गेली नाही. मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते. आमच्या घरातले एक असेच गेले. ताप उतरावा म्हणून दिली होती.

2022 मध्ये गुरांमध्ये लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा सगळे मनुष्यबळ लसीकरणाकडे वळले. त्याला पर्याय नव्हता. गोठे रिकामे होत होते. पण कुत्र्यांच्या नियमांच्या चौकटीतली एक फट तेव्हाही होती आणि आजही आहे. नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याला दोन वाटा: धड असेल तर परत सोडा, असाध्य आजारी किंवा मरणपंथाला लागलेला असेल तर डॉक्टरकडून दयामरण. ज्याचे पोट, काळीज, भूक सगळे ठणठणीत आहे आणि फक्त मागचे पाय चालत नाहीत, तो दोन्हीत बसत नाही. आता तो पिंजऱ्यात जाईल आणि कोब्यावर घसपटत राहील. कुल्ह्यावर जखम व्हायला आठवडासुद्धा लागत नाही. ओढणी धरायला तिथे कोण असेल, हे कुठल्याच आराखड्यात माझ्या पाहण्यात आलेले नाही.