ग्वाल्हेरच्या मेळ्यात पहिल्यांदा कालवड उतरवताय? आधी बिल्ला तपासा

ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केला, तो गुरांचा मेळा म्हणूनच. आज तिथे गाड्या आणि फ्रीज जास्त दिसतात, तरी आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली पोरं हिवाळा आला की विचारतात, "काका, आमची कालवड प्रदर्शनात नेता येईल का?" येईल. फक्त तयारीला दिवाळीआधी लागा.

सगळ्यात पहिल्यांदा कानातला पिवळा बिल्ला. त्यावरचा 12 आकडी क्रमांक हीच जनावराची ओळख, लसीकरणाची नोंदही त्यालाच जोडलेली. माझ्या पुतण्याच्या गीर कालवडीचा बिल्ला गोठ्याच्या तारेत अडकून तुटला. नवा मारून घेतला, पण अर्जावर जुनाच क्रमांक गेला. डॉक्टरांच्या आरोग्य दाखल्याशी तो जुळेना, आणि नोंदणीच्या टेबलावरूनच आम्ही परत आलो. पोरगं दावं हातात धरून रडत होतं. म्हणून क्रमांक कागदावरून नको, कानावरून वाचून उतरवा, आणि बिल्ल्याचा फोटो जवळ ठेवा.

मूल अठराच्या आतलं असेल तर अर्ज जनावर ज्यांच्या नावावर आहे त्या मोठ्यांच्या नावाने भरा. मालकाचं आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), बँकेचं पासबुक, लसीकरणाची नोंद आणि सरकारी पशुवैद्यकांचा आरोग्य दाखला एकाच पिशवीत हवेत. त्या वर्षीच्या अटी पशुचिकित्सालयात विचारून घ्या. लाळ्या-खुरकुताची लस किमान तीन आठवडे आधी टोचलेली बरी. अंगात प्रतिकारशक्ती यायला तेवढा वेळ लागतो. सांसर्गिक गर्भपाताची लस कालवडीला 4 ते 8 महिन्यांच्या वयातच, एकदाच देतात. ते वय हुकलं की हुकलं. गोठ्यावर डॉक्टर हवे असतील तर 1962 वर फोन लावा.

वयाबद्दल वाद झाला तर दात बघतात. आदत (पक्के दात न आलेली), दोन दाती, चार दाती, जुळलेली (सगळे पक्के दात आलेली), यातलं काय ते डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि अर्जात तेच लिहा.

आता खरं काम. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं म्होरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) घालून कालवडीला चालवा. मुलाने तिच्या डाव्या खांद्याशी राहायचं, कासरा हाताला गुंडाळायचा नाही. जनावर बुजलं तर हात सापडतो. गोठ्यात रेडिओ लावा, म्हणजे भोंग्यांची सवय होईल. गीरचं फुगीर कपाळ आणि लांब, दुमडलेले कान परीक्षक बघतातच, पण कालवड मान खाली घालून ओढत चालली तर ते कुठे दिसणार?